विंडोज ७ च्या डिस्कमध्ये अपडेट आधीच घालून ठेवता येतात का?

येतात, आणि घालावेतच. तुम्ही विचारलंय की सर्व्हिस पॅक १ ची (म्हणजे मायक्रोसॉफ्टनं आधीचे अपडेट एकत्र करून दिलेली) आयएसओ, म्हणजे अख्खी डिस्क एका फाईलीत, आहे, तिच्यात आपणच अपडेट घालावेत की बाजारात 'सगळे अपडेट असलेली' तयार डिस्क मिळते ती घ्यावी. तयार डिस्क घेऊ नका. यावरून आमच्या घरात भांडण झालंय, म्हणून लिहायला बसलो.

२०१६ च्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका शाळेची बारा मशिनं आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फॉरमॅटला आली. सर्व्हिस पॅकनंतरचे अपडेट दोनशेच्या वर, नेट टेलिफोनच्या तारेवरचं, आणि खानापूरचा पाऊस म्हणजे दिवसातनं चारदा करंट जाणार. पहिलं मशीन रात्रभर 'अपडेट शोधत आहे' वरच बसलं. मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मे महिन्यात सगळ्यांचा एक गठ्ठा काढला होता, केबी ३१२५५७४ (केबी म्हणजे अपडेटचा नंबर). डिस्कमधली इन्स्टॉल डॉट विम फाईल, जिच्यात अख्खं विंडोज असतं, ती फोल्डरवर माउंट केली म्हणजे उघडून ठेवली, डिझम या विंडोजच्याच कमांडनं तो गठ्ठा घालायला गेलो, तर 'हे पॅकेज या इमेजला लागू नाही'. तीनदा तेच. त्याच्या आधी केबी ३०२०३६९ घालावं लागतं, ते घातल्यावर सरळ बसला. अनमाउंट करतानाही अडकलो, कारण तोच फोल्डर मागं एक्सप्लोररमध्ये उघडा होता. तो बंद करा आणि कमिट, म्हणजे बदल सेव्ह करायचा हुकूम, द्यायला विसरू नका, नाहीतर दोन तासांचं काम पाण्यात.

दुकानात भागीदार माझे दाजी. ते म्हणाले, "एवढं कशाला करूलास? तयार मिळतंय की!" त्यांनी तसली डिस्क आणली आणि शहापुरातल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या चार मशिनांवर टाकली. ती बनवणाऱ्यानं अपडेटची सर्व्हिसच काढून टाकली होती, हे कुणी बघितलंच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. ऐन लग्नसराई, आणि त्या माणसाच्या सगळ्या फाईलींच्या नावापुढं डब्ल्यूएनसीआरवाय लागलेलं. नवरा-नवरीची नावं, मुहूर्त, सगळं कुलपात. विंडोजच्या ज्या भोकातनं तो शिरला त्याचं ठिगळ, म्हणजे अपडेट, मार्चमध्येच आलं होतं. शाळेच्या बारा मशिनांवर ते आपोआप बसलेलं, कारण अपडेट चालू होते. दाजी आजही म्हणतात, "तुझं नशीब." नशीब नव्हे ओ. मूळ आयएसओत हात घातला तो मी, म्हणून आत काय आहे आणि काय नाही हे मला ठाऊक होतं.

तेव्हा तुमचीच डिस्क करा. विम फाईलीत होम, प्रोफेशनल, अल्टिमेट या आवृत्त्यांचे इंडेक्स, म्हणजे क्रमांक, वेगळे असतात. जे लागतं त्यातच घाला. सगळ्यांत घातलं आणि विम ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बसणार नाही.

एक राहिलं. त्या गठ्ठ्यात इंटरनेट एक्सप्लोरर ११ नाही, ते वेगळं घाला. आणि २०१९ च्या जुलैनंतरचे अपडेट हवे असतील तर केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ आधी लागतात. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळं जुन्या प्लॉटरसाठी, स्कॅनरसाठी ठेवा, पण त्या मशीनवर बँकेचं काम करू नका. शहापूरच्या त्या माणसाला मी नंतर माझ्या डिस्कवरून चारही मशिनं करून दिली, पैसे न घेता. पत्रिका मात्र त्याला पुन्हा टाईप कराव्या लागल्या.