चंद्राची वाट शिकताना
कक्षा, म्हणजे यान अवकाशात ज्या वाटेने फिरतं ती, नव्याने शिकतोयस, तर लगेच समीकरणांत शिरू नकोस. आधी चांद्रयान-३ चा प्रवास कागदावर काढ. १४ जुलै २०२३ ला उड्डाण, मग पृथ्वीभोवती लांबट होत गेलेल्या फेऱ्या, १ ऑगस्टला चंद्राकडे झेप. यात बहुतेक वेळा इंजिन पृथ्वीच्या अगदी जवळून जाताना का चालवलं, यावर वेळ घालव. तिथे यानाचा वेग सर्वाधिक असतो, म्हणून तेवढ्याच इंधनात ऊर्जा जास्त वाढते आणि कक्षेचं दुसरं टोक लांब सरकतं. खरी गंमत इथेच आहे! नेम मात्र आज दिसणाऱ्या चंद्रावर धरू नकोस; तो दिवसाला सुमारे १३ अंश पुढे जातो. आणि तिथे पोचून वेग कमी केला नाही, तर यान चंद्राला वळसा घालून निघून जातं. ५ ऑगस्टला इंजिन चालवलं ते वेग कमी करण्यासाठीच.