जलरंगातले डोंगर आणि अकरावीचं रसायनशास्त्र

ताई, तुमची लेक अकरावी सायन्सला आहे. रोज रात्री दोन तास टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या आल्प्सच्या चित्रांच्या नकला शाईत नि जलरंगात करत बसते आणि आता सायन्स सोडते म्हणते. ‘नकलांनी पोट भरतं का?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी नकलांचं सांगतो. टर्नर स्वतः असाच शिकला. १७९०च्या दशकात लंडनमध्ये डॉ. मन्रो यांच्या घरी तो आणि टॉमस गर्टिन संध्याकाळी जायचे आणि जॉन रॉबर्ट कझन्स या चित्रकाराची डोंगरांची चित्रं समोर ठेवून उतरवायचे. गर्टिन रेषा काढायचा, टर्नर त्यावर रंगाचे वॉश, म्हणजे पातळ थर, द्यायचा. त्याचे थोडे पैसेही मिळत. खरे आल्प्स टर्नरनं पाहिले ते १८०२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. तेव्हा तिच्या त्या दोन तासांना वाया गेलेला वेळ म्हणू नका, मनापासून सांगतो. एवढंच की हिवाळ्यात तिला खऱ्या डोंगरासमोरही बसवा. फ्रान्सिस टाउननं १७८१ मध्ये काढलेली हिमनदीची चित्रं तिला दाखवा. बारीक शाईची रेषा, सपाट रंग, बस्स. कुठे थांबायचं ते त्यातून कळतं.

सायन्स मात्र आत्ता सोडू नये. बारावी कुठल्याही शाखेतून झाली तरी बीएफएची, म्हणजे चित्रकलेच्या पदवीची, वाट बंद होत नाही, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचीसुद्धा नाही. उलट रसायनशास्त्र हाताशी असलं तर आणखी एक दार उघडं राहतं, ते म्हणजे चित्रांच्या जतनाचं. हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्राप्रमाणे टर्नरची अडतीस जलरंगचित्रं १९०० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या संग्रहालयाला मिळाली, ती एका अटीवर: फक्त जानेवारीतच दाखवायची. कारण तेव्हा तिथला उजेड सगळ्यात मंद असतो. रंग उडतात, कागद पिवळा पडतो. हे का होतं नि कसं थांबवायचं, हे ठाऊक असलेली माणसं संग्रहालयांना लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं जतन केंद्र आहे. एकदा तिला घेऊन जा.

तोवर घरीच एक करा. कागदाच्या पट्टीवर तिचे सगळे रंग लावायला सांगा, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्यानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा. मे संपताना पुठ्ठा काढा आणि कोणता रंग सगळ्यात जास्त उडाला ते तिला मला लिहून कळवू दे.