लॉगबुकची झेरॉक्स काढून ठेव

"ताई, बीएएसएलपीची, म्हणजे वाचा-श्रवणाच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आलीये. स्पीच थेरपिस्ट म्हणून इंग्लंडला येऊ का? एकटं वाटतं का तिथे?" एवढंच विचारलंस तू, आणि मी दोन दिवस उत्तर लिहून खोडतेय.

व्हिसा, पगार, बँड म्हणजे पगाराची श्रेणी, सगळं सरकारी साइटवर आहे, ते तिथेच वाच. एकटेपणा येतो, जातो. पुढे.

अमेरिकेत मास्टर्सशिवाय दार उघडत नाही. इथे एचसीपीसी, म्हणजे आपल्यासारख्यांची नोंदणी करणारी संस्था, बॅचलरवरही अर्ज घेते, म्हणून मी इथे आले. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या संघटनांनी एकमेकींची पात्रता मानण्याचा करार केलाय, त्यात आपला भारत नाही. आपलं सगळं मुळापासून तपासतात. कोणता विषय किती शिकलात, कोणत्या वयाचे पेशंट पाहिलेत, तोतरेपणाचे किती, वाचाघाताचे, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा गेलेले, किती, गिळण्याच्या त्रासाचे किती. माझं लॉगबुक, म्हणजे पाहिलेल्या पेशंटची नोंदवही, डोंबिवलीला माळ्यावर होतं. वाळवीने अर्धं खाल्लं. मग कॉलेजच्या खेपा. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हा असला फॉर्म आम्ही भरत नाही." आईने चार महिने फेऱ्या घातल्या, गुडघे दुखत असताना. शेवटी शिक्का मिळाला तो तिरका आणि पुसट. तो चालेल की नाही, या काळजीत मी आणखी सहा आठवडे काढले.

आणि आयईएलटीएस, ती इंग्रजीची परीक्षा. एचसीपीसीच्या बाकी व्यवसायांना ९ पैकी ७ पुरतात, आपल्याला ८ लागतात आणि एकाही भागात ७.५ च्या खाली चालत नाही. बरोबरच आहे म्हणा, बोलणं हाच आपला धंदा. मला पहिल्या वेळी बाकी सगळ्यात भरपूर मिळाले आणि स्पीकिंगमध्ये ७. लोकांना बोलायला शिकवणारी बाई बोलण्यात नापास! दुसऱ्या वेळी सुटले, पण तो ७ अजून डोक्यातून गेलेला नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

काम मात्र सुंदर आहे. मी लेस्टरला स्ट्रोकच्या वॉर्डात होते. तिथे एक गुजराती बा होत्या. चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये काढलेली बाई, स्ट्रोकनंतर इंग्रजी पार पुसलं गेलं, राहिले ते थोडे गुजराती शब्द. मी घाटकोपरला शिकलेली, त्यामुळे दुभाषी येईपर्यंत माझंच मोडकंतोडकं गुजराती चाललं. पातळ पदार्थ ठसक्याने फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून त्यांना पावडर घालून घट्ट केलेला चहा द्यावा लागायचा. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "आ चा नथी." त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात स्पष्ट वाक्य. फाइलमध्ये मी तीन शब्दांचं वाक्य, उच्चार स्पष्ट, असं लिहिलं. चहाबद्दल काय लिहिणार?

आता जे लिहायचं टाळत होते ते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, बसला आणि तीन महिने वर्गात गप्प राहिला. नवी भाषा कानावर पडली की मुलं अशी गप्प होतात, हे मला पाठ आहे. बाईंनी मला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "घरी फक्त इंग्रजी बोलून बघा ना." त्याच आठवड्यात क्लिनिकमध्ये मी एका पंजाबी आईला बजावलं होतं की घरची भाषा सोडू नका, दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही. आणि घरी येऊन मी मराठी बंद केलं. नवरा म्हणाला, "अगं, तूच तर सांगतेस लोकांना." मी त्याच्यावर ओरडले. बाईंच्या जागी मला तो ७ दिसत होता गं, बाकी काही नाही.

मुलगा तेरा वर्षांचा आहे आता. व्हिडिओ कॉलवर आई विचारते, "जेवलास का रे बाळा?" त्याला कळतं. "येस आजी," म्हणतो आणि फोन माझ्याकडे देतो. पोळीला पोली म्हणतो. ळ कसा शिकवायचा हे मला झोपेतही सांगता येईल: जिभेचं टोक मागे वळवायचं, टाळूला टेकवायचं आणि खाली सोडायचं. येताना आणलेली चित्रांची कार्डं आहेत, कमळ, फळा, बाळ. मागच्या रविवारी त्याच्यासमोर मांडली. दोन कार्डं पाहिली आणि म्हणाला, "मॉम, आय अ‍ॅम नॉट युअर पेशंट."

तर, ये म्हणू की नको, मला खरंच ठरवता येत नाहीये. लॉगबुकची झेरॉक्स मात्र उद्याच काढ. प्रत्येक पानावर सही आणि शिक्का घे, सरळ आणि ठळक, तुझे एचओडी निवृत्त व्हायच्या आत.