नदीतील बारीक गाळाचा उगम शोधताना

नदी गढूळ दिसली की लगेच शेतांकडे बोट दाखवू नका. ढासळणारे काठ, जनावरांनी तुडवलेले उतार आणि कच्च्या रस्त्यांकडेचे चर यांचाही वाटा पुष्कळदा मोठा असतो. प्रत्येक संभाव्य उगमाची माती आणि पुरातला गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळूनच तुलना करा, कारण कण जितके बारीक तितकी त्यांना चिकटलेली, उगमाची ओळख पटवणारी मूलद्रव्ये सहसा अधिक असतात. अणुचाचण्यांतून पसरलेले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य मातीच्या वरच्या थरातच टिकून राहते, त्यामुळे ते गाळात नगण्य आढळल्यास संशय काठांवर किंवा घळींवर घ्यावा. मात्र नांगरटीने ते खाली मिसळते, हेही ध्यानात असू द्या. प्रयोगशाळेचा (बराच महागडा) मार्ग धरण्यापूर्वी भर पावसात, सुरक्षित अंतरावरून, प्रत्येक संगमावर कोणता ओढा अधिक गढूळ येतो ते नोंदवा.