सीझनचं काम मागायला दुपारी तीनला जा

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांचा आहे. उन्हाळ्याचे तीन महिने एखाद्या रिसॉर्टच्या किचनमध्ये काम करायचं आहे. घरी स्वयंपाक करतो, हॉटेलचा अनुभव नाही. पाच ठिकाणी मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : मेल ठीकच असतील, वेळ चुकली असेल. सीझनची भरती बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिने आधीच उरकते. पण रिसॉर्ट सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की नव्यांपैकी काही जण हमखास पळतात. उकाडा आणि दिवसभर उभं राहणं सोसत नाही. मला पहिलं काम तेव्हाच मिळालं.

दुपारी तीनच्या सुमारास जा. जेवणं आटोपलेली असतात, रात्रीची गडबड सुरू व्हायची असते. रिसेप्शनवर ताटकळू नकोस, मागच्या दाराने जाऊन शेफना विचार. ‘भांडी घासायचीही तयारी आहे, उद्यापासून येतो,’ एवढं पुरे. नसलेला अनुभव सांगू नकोस, सुरी हातात धरलीस की कळतंच.

माझ्यापुढे शेफनी कांद्याचं पोतं टाकलं होतं. मी भराभर कापले आणि ऐटीत सुरी फेसाच्या पाण्यात सोडली. ते काहीच बोलले नाहीत. बाही वर करून दोन बोटांनी सुरी बाहेर काढली, पुसली आणि म्हणाले, ‘पुढचा माणूस याच पाण्यात हात घालणार आहे. त्याला ही दिसेल का?’ तरी घेतलं, पण भांड्यांवर. सुरी पुन्हा हातात यायला महिना गेला.

तेव्हा वेगाची काळजी करू नकोस. चॉपिंग बोर्डखाली ओला फडका घाल म्हणजे ते सरकत नाही. हात साबणाने २० सेकंद धू. कच्च्या मांसाचं बोर्ड वेगळं. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळू द्यायचं नाही, जंतू तिथेच झपाट्याने वाढतात. डब्यावर तारीख घाल. कुणाच्या पाठीमागून जाताना ‘मागे आहे!’ असं मोठ्यांदा म्हण, लाजू नकोस. आणि भाजलं तर टूथपेस्ट वगैरे काही नको, २० मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धर.

आता पैशाचं. इथे मात्र ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. राहण्याचे पैसे पगारातून कापणार का, खोलीत किती जण, सुट्टी कधी, जादा तासांचं काय, हे आधी विचार आणि लिहून घे. एका ठिकाणी पगाराचा काही भाग ‘सीझन पूर्ण केल्यावर’ मिळणार होता. तापाने फणफणून मी चार दिवस आधी निघाले आणि तो बुडाला. अट तोंडी होती, भांडणार कशाच्या जोरावर?

शेवटी आणखी एक विचार : मागच्या वर्षीचे किती जण यंदा परत आलेत? शेफ बोटांवर नावं मोजू लागले तर खुशाल राहा. विषय बदलला तर दुसरं दार ठोठाव.

बूट मात्र स्वतःचे ने, न घसरणारे आणि वरून बंद. जाळीचे स्पोर्ट्स शूज नकोत, उकळतं तेल सांडलं की थेट पायावर.