गळाने मासेमारी शिकतोय. तळ्यावर गांडूळ वापरू की नकली आमिष?

आधी गांडूळच. चिलापी (तिलापिया) माशाचं तोंड लहान, म्हणून ८ किंवा १० नंबरचा गळ घ्या. अख्खं गांडूळ लटकवू नका, मासा शेपूट तोडून पळतो. बोटाच्या पेराएवढा तुकडा गळावर मोज्यासारखा चढवा, टोक झाकून जराशी शेपटी वळवळत ठेवा. तंगूस (नायलॉनचा दोरा) बारीक, गळापासून वीतभर वर चिमूटभर शिसं, त्याच्यावर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण (ज्वारीच्या ताटाचा तुकडाही चालतो). फ्लोट नुसता थरथरला तर थांबा. बुडाला किंवा आडवा सरकायला लागला की मनगटाने हलका झटका. जोर लावलात तर ओठ फाटून मासा सुटतो.

नकली आमिष मरळ माशासाठी. मरळ हवा घ्यायला वर येतो, तिथून जरा पुढे रबरी बेडूक टाकून पाणवनस्पतींवरून थांबत थांबत ओढा. पाणी उसळलं की लगेच झटका नको, एक-दोन सेकंद जाऊ द्या. लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तो मासा सोडा, आईबाप राखण करत असतात.

धरण-तलावांचा ठेका बहुतेक मच्छीमार संस्थेकडे असतो, आधी विचारून घ्या.