कुत्रीच्या स्तनातली गाठ, फ्लास्कमधल्या पेशी : वाचकांचे प्रश्न

कुत्र्यांच्या स्तनकर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून होणाऱ्या अभ्यासावर मागच्या अंकात लेख होता. त्यानंतर खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.

काढलेली गाठ पेशीसंवर्धनासाठी पुण्याला पाठवतो, पण ‘पेशी मेल्या’ किंवा ‘बुरशी आली’ असंच उत्तर येतं. काय चुकत असेल? – पशुवैद्यक, शहादा

गाठ शरीरातून सुटली की पेशी मरायला लागतात, त्यामुळे २४ तासांच्या आत ती प्रयोगशाळेच्या टेबलावर पोहोचायला हवी. पण बहुतेक नमुने उशिरापेक्षा दोन वेगळ्याच कारणांनी वाया जातात.

पहिलं कारण म्हणजे नमुना कुठून घेतला. मोठ्या गाठीचा मधला भाग पुष्कळदा रक्तपुरवठ्याअभावी आधीच मेलेला असतो. तो पिवळट, मऊ, कधी पाणी भरलेला दिसतो. तो घेऊ नका. कडेचा टणक, पांढुरका भाग साधारण १ सेंमी आकाराचा घ्या, आणि कातडीच्या नव्हे, आतल्या बाजूने. गाठ फुटून जखम झाली असेल तर वरच्या थरात जंतू असतातच, आणि तो थर सोबत गेला की तिकडे बुरशी ठरलेलीच. तुकडा निर्जंतुक चिमट्याने उचला. त्यावर स्पिरिट किंवा बीटाडीन ओतू नका, त्याने जंतूंच्या आधी पेशी मरतात.

दुसरं कारण बर्फ. नमुना ४ अंशांवर हवा, गोठलेला नको. डीप फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक उणे २० अंशांचा असतो. तो नळीला थेट चिकटला की तुकडा गोठतो आणि पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात. लसीच्या डब्यासाठी करता तेच इथेही करा : पॅक बाहेर ठेवा, त्याला घाम फुटून आत पाणी खळखळू लागलं की मगच डब्यात घाला, आणि नळीभोवती पुठ्ठा किंवा कापूस गुंडाळा. मे महिन्यात डबा एसटीच्या डिकीत टाकून देऊ नका, माणसाबरोबर पाठवा.

नळी ५० मिलिची, निर्जंतुक. तीत २० ते ३० मिलि डीएमईएम मीडियम (पेशींना पोसणारं द्रव), दर मिलिला पेनिसिलिन २०० युनिट, स्ट्रेप्टोमायसिन २०० मायक्रोग्रॅम आणि ॲम्फोटेरिसिन-बी २.५ मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेकडून अशा भरलेल्या नळ्या आधीच मागवून फ्रीजमध्ये ठेवा. साधं सलाइन तासाभरापुरतं ठीक, रात्रभराच्या प्रवासाला नाही. मीडियमचा रंग लालसर-गुलाबी असतो. पिवळा पडला असेल तर ती नळी वापरू नका.

त्याच गाठीचा दुसरा तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवायला विसरू नका. जाडी अर्ध्या सेंमीच्या आसपास, फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट. गाठ नेमकी कोणत्या प्रकारची हे त्या तुकड्यावरूनच कळतं, आणि ते कळल्याशिवाय वाढवलेल्या पेशींना काही अर्थ उरत नाही. दोन्ही डब्यांवर कुत्रीचं वय, जात, नसबंदी झाली की नाही, कितव्या जोडीतलं स्तन, डावं की उजवं हे लिहा. मालकाची लेखी संमती सोबत जोडा.

फ्लास्कमध्ये आठवडाभर छान वाढ दिसते, मग सगळीकडे लांबट पेशी पसरतात. या कर्करोगाच्याच समजायच्या का? – संशोधक विद्यार्थिनी, जळगाव

बहुतेक वेळा नाही. त्या फायब्रोब्लास्ट असतात, गाठीतल्या आधार-ऊतीच्या पेशी. त्या पटकन चिकटतात, भराभर वाढतात आणि आपल्याला हव्या असलेल्या उपकला (एपिथेलियल, म्हणजे ग्रंथीच्या अस्तराच्या) पेशींची जागा बळकावतात. शेतात तण माजावं तसंच हे.

तुकडे करण्यापासून बघा. पीबीएसने (क्षारांच्या, सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) तीन वेळा धुवा, चरबी आणि रक्ताच्या गुठळ्या काढा, दोन स्काल्पेल आडवे चालवून १ मिमीचे तुकडे करा. ऊती पचवून पेशी सुट्या करणारं कोलाजिनेज विकर १ मिग्रॅ प्रति मिलि, ३७ अंशांवर, हलवत ठेवून १ ते ३ तास. दर अर्ध्या तासाला थेंबभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. उपकला पेशींचे छोटे पुंजके सुटे दिसू लागले की थांबा. एकेक पेशी सुटी होईपर्यंत पचवत राहिलात तर उपकला पेशी मरतात आणि फायब्रोब्लास्ट तेवढ्या तगतात. त्यामुळे पुंजके हवेच आहेत. ७० ऐवजी १०० मायक्रॉनची जाळी वापरा.

पेशी पेरल्यावर अर्धा ते एक तास थांबून वरचं द्रव दुसऱ्या फ्लास्कमध्ये हलवा. या वेळात फायब्रोब्लास्ट पहिल्या फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या असतात, पुंजके अजून तरंगत असतात. पुढे पॅसेज करताना (वाढलेल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवताना) चिकटलेल्या पेशी सोडवणारं ट्रिप्सिन-ईडीटीए घातलं की एक-दोन मिनिटांत फायब्रोब्लास्ट सुटतात. त्या ओतून टाका, मीडियमने धुवा, आणि उरलेल्या पेशींना ताजं ट्रिप्सिन देऊन ५ ते १० मिनिटं थांबा. दोन-तीन पॅसेज हे नेटाने केलं की फरक दिसतो. सीरम १० टक्क्यांवरून ५ वर आणणंही उपयोगी पडतं.

मात्र कुत्र्यांच्या बाबतीत एक गुंता आहे, आणि माणसाच्या पेशींवर शिकलेले लोक इथेच फसतात. कुत्रीच्या स्तनातल्या बऱ्याच गाठी ‘कॉम्प्लेक्स’ किंवा ‘मिश्र’ असतात. त्यांत मायोएपिथेलियल पेशीही (ग्रंथीभोवतीच्या, आकुंचन पावणाऱ्या) वाढलेल्या असतात, मिश्र गाठीत तर कूर्चा आणि हाडसुद्धा सापडतं. सुरी फिरवताना करकर लागते ती त्यामुळे. मायोएपिथेलियल पेशीही लांबट दिसतात. म्हणून आकारावरून निकाल देऊ नका. पेशीचा प्रकार तिच्यातल्या खुणेच्या प्रथिनांवरून ओळखा : सायटोकेरॅटिनसाठी एई१/एई३, शिवाय व्हिमेंटिन, पी६३ आणि कॅल्पोनिन, एवढे रंग करा. सायटोकेरॅटिन अजिबात नाही, पी६३ नाही, फक्त व्हिमेंटिन आहे, अशी पेशी बहुधा फायब्रोब्लास्टच.

त्यापेक्षा तयार सेल लाइन (प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशी) घ्यावी का? – तीच विद्यार्थिनी, जळगाव

औषधांची चाचणी करायची असेल तर हो. स्वीडनमधल्या उप्पसाला इथली सीएमटी-यू२७, अमेरिकेच्या एटीसीसी संग्रहातली सीएफ४१ या पुष्कळ वापरल्या जातात. टोकियोची सीएचएमपी आणि सीएचएमएम ही जोडी एकाच कुत्रीची आहे : पहिली मूळ गाठीतली, दुसरी पसरलेल्या रोगातली. कर्करोग कसा पसरतो याचा अभ्यास असेल तर हीच मागवा.

मित्राच्या प्रयोगशाळेतून आणलेली कुपी मात्र तपासल्याशिवाय वापरू नका. ती कुत्र्याचीच आहे का हे पीसीआरने पाहा. १९५१ मध्ये माणसाच्या कर्करोगातून वाढवलेल्या हेला पेशी पुढे जगभरच्या फ्लास्कमध्ये घुसखोरी करत आल्या आहेत. मायकोप्लाझ्माची चाचणी दर महिन्याला. या जंतूला पेशीभित्ती नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याला लागू पडत नाही, आणि मीडियम गढूळही होत नाही. पेशी दिसायला ठणठणीत, पण वाढ मंद आणि आकडे दर वेळी वेगळे, असं झालं की आधी हाच संशय घ्या.

कडुनिंबाच्या पानांच्या अर्कावर एमटीटी चाचणी केली. जास्त अर्क घातला की ‘जिवंत पेशी’ १०० टक्क्यांच्या वर जातात! – एम.एस्सी. विद्यार्थी, धुळे

एमटीटी हे पिवळं रसायन जिवंत पेशी जांभळं करतात आणि त्या रंगावरून त्या मोजतात. इथे पेशी वाढल्या असतील असं नाही, अर्क स्वतःच रंग देतोय. वनस्पतींच्या अर्कातली पॉलिफेनॉल एमटीटीला पेशींशिवायही जांभळं करतात, शिवाय पानांच्या हिरव्या रंगाची भर. प्रत्येक मात्रेसाठी प्लेटमधल्या तीन खळग्या पेशींशिवाय ठेवा आणि त्यांचं वाचन वजा करा. एमटीटी घालण्याआधी अर्काचं मीडियम काढून पीबीएसने हलकेच धुणं अधिक चांगलं.

बाकीची मांडणी अशी : ९६ खळग्यांची प्लेट, दर खळगीत ५,००० पेशी, २४ तास चिकटू द्या, मग अर्क, ४८ किंवा ७२ तास. एमटीटी ०.५ मिग्रॅ प्रति मिलि, ३ ते ४ तास, तयार झालेले स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. अर्कासोबत जाणारं डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या खाली ठेवा आणि तेवढंच डीएमएसओ बिनअर्काच्या खळग्यांतही घाला. कडेच्या खळग्यांत पेशी पेरू नका, नुसतं पीबीएस भरा. तिथलं पाणी उडतं आणि आकडे बिघडतात. तुलनेसाठी डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध घ्या. सिस्प्लॅटिन घेणार असाल तर ते डीएमएसओत विरघळवू नका, त्यात ते निकामी होतं.

आणि २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिला पेशी मेल्या म्हणून ‘कडुनिंब कर्करोगावर गुणकारी’ असं लिहू नका. एवढी मात्रा रक्तात सहसा पोहोचतच नाही. त्याच मात्रेला साध्या पेशीही मरतात का, हे आधी दाखवा.

उन्हाळ्यात आमचा इन्क्युबेटर ३९–४० अंश दाखवतो. सेटिंग ३७ वरच आहे. – प्रयोगशाळा सहायक, जळगाव

इन्क्युबेटर बिघडलेला नसावा. साध्या सीओटू इन्क्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. खोली ३७ पेक्षा किमान ५ अंशांनी थंड हवी. बाहेर ४५ आणि एसी बंद, तर आतलं तापमान चढणारच. वीज गेली की पेशी गारठतील अशी भीती लोकांना वाटते, पण खोलीच्या तापमानाला त्या काही तास सहज काढतात. ४२ अंशांवर मात्र झपाट्याने मरतात. म्हणून बॅकअप आधी एसीला द्या. वीज गेल्यावर दार उघडू नका. बराच वेळ जाणार असेल तर फ्लास्कची झाकणं घट्ट करा आणि मीडियममध्ये २५ मिलिमोलर हेपेस घाला, म्हणजे सीओटू नसतानाही सामू टिकतो. पाण्याचा ट्रे इथल्या कोरड्या हवेत लवकर आटतो. निर्जंतुक पाण्यानेच भरा.

एप्रिल लागण्याआधी प्रत्येक लाइनच्या चार-पाच कुप्या गोठवून ठेवा : १० टक्के डीएमएसओ, कुपीत १० ते २० लाख पेशी, मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजनमध्ये. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव असतात तसलाच कॅन चालतो, फक्त कॅन वेगळा ठेवा आणि पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजा.

आमची कुत्री ९ वर्षांची आहे. मागच्या सडांजवळ हरभऱ्याएवढ्या दोन गाठी आहेत. तिच्या पेशी वाढवून औषध ठरवता येईल का? – वाचक, भुसावळ

त्याची वाट पाहू नका. संवर्धनाला आठवडे लागतात, पुष्कळदा ते जमतही नाही, आणि प्लेटवर मिळालेल्या उत्तरावरून तिचा उपचार ठरवता येत नाही. छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे, काखेतल्या आणि जांघेतल्या लसिकाग्रंथींची तपासणी, मग शस्त्रक्रिया आणि काढलेल्या सगळ्या गाठींची ऊतितपासणी, हा क्रम. दोन गाठी दोन वेगळ्या प्रकारच्या असू शकतात. ३ सेंमीच्या आत असतानाच काढलेली गाठ बरीच कमी धोक्याची, त्यामुळे ‘मोठी झाली तर बघू’ असं करू नका. स्तन लाल, गरम, सुजलेलं असेल तर ते आधीच सांगा. तो प्रकार वेगळा आणि त्यात शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत.

माजावर येऊ नये म्हणून तिला पूर्वी प्रोजेस्टिनचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्याने अशा गाठींचा धोका वाढतो. घरात दुसरी लहान कुत्री असेल तर नसबंदीचा विचार वेळेत करा. १९६९ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्यांमध्ये धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ आणि दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के आढळला होता, तोही नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत. नंतर या आकड्यांच्या भक्कमपणावर शंका घेतल्या गेल्या, पण लवकर नसबंदीचा सल्ला आजही दिला जातो.

हा कर्करोग दुसऱ्या कुत्र्याला किंवा आम्हाला लागू शकतो का? – वाचक, चाळीसगाव

नाही. कुत्र्यांमध्ये संसर्गाने पसरणारी कर्करोगाची गाठ एकच माहीत आहे : टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर). ती मुख्यतः समागमातून जाते, भटक्या कुत्र्यांत दिसते, बहुधा जननेंद्रियावर असते आणि व्हिन्क्रिस्टीन या औषधाला चांगली दाद देते. माणसाला तीही लागत नाही.